बाप माहीत नाही

अर्जातल्या एका रकान्यापाशी झिमासाचं घोडं अडलं होतं. बाळाच्या बापाचं नाव.

मदत कचेरीतली बाई वाईट नव्हती, पण रोज पन्नास पोटुशा पोरी बघून तिचा जीव विटला होता. "हे बघ पोरी, नाव लिहिलंस तर खर्च देतोस का म्हणून आधी त्याला पत्र जाणार, मग तो कामाला आहे त्या खाणीला, मग उत्तराची वाट बघायची. तोवर तुझं बाळ रांगायला लागेल. त्यापेक्षा बाप माहीत नाही असं पोलीस ठाण्यातून शपथेवर लिहून आण आणि सोमवारी धान्य घेऊन जा. सगळ्या तेच करतात."

सगळ्या तेच करतात! पुढे त्यांचं काय होतं ते बघायला कोण जातंय?

झिमासाला सातवा महिना होता. आई गेलेली, राहायची मामाकडे, आणि फाकामिले मामाला वर्षभर काम नव्हतं. चार दिवस दोघं काळ्या चहावर काढत होती. पण बाप माहीत नाही असं म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने? दोन महिन्यांपूर्वी मामाच तिला रीतीप्रमाणे ल्वांदिलेच्या घरी घेऊन गेला होता. गोठ्यापुढे त्याच्या भावकीतले म्हातारे बसले होते. "कोण?" असं त्यांनी विचारलं आणि तिने सगळ्यांदेखत त्याच्याकडे बोट दाखवलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं तिला. ल्वांदिलेने मान खाली घातली, पण नाही म्हणाला नाही. म्हातारे म्हणाले, "ऐकलं. आम्ही येऊ."

ते बोकड घेऊन आले की बाळाला ल्वांदिलेच्या ज्वारा कुळाचं नाव मिळणार. नाही आले तर ते जन्मभर बिनबापाचं, प्रत्येक कार्यात कोपऱ्यात उभं. पण ल्वांदिले दूर रुस्टेनबर्ग शहराजवळच्या खाणीवर परत गेला नि त्याचा फोन बंद झाला. भावकीतलं कुत्रंसुद्धा इकडे फिरकलं नाही.

"त्यांच्या भरवशावर बसलीस तर उपाशी मरशील," मामा म्हणाला. "कागद कपाटात पडून राहतो. कोण वाचतंय?"

ठाण्यात हवालदार न्तोबेकोने मजकूर वाचून दाखवला. "हात वर कर." तिने केला. त्याने शिक्का मारला आणि पुढच्याला हाक मारली. झालं!

सोमवारी मक्याचं पीठ, घेवडा आणि तेल मिळालं. त्या दिवशी झिमासा पोटभर जेवली आणि मग भांडी घासता घासता रडली.

आणि नशीब कसं बघा. शनिवारी सकाळी ज्वारांची माणसं दारात! तीन म्हातारे, आणि अशा बोलणीला बायका येत नाहीत ती रीत मोडून त्यांच्यामागे ल्वांदिलेची आई, माद्लोमो. मामाने धावपळ करून बाक पुढे केलं, पण त्यांच्यातला थोरला, वुकिले, बसेना.

"बोकड घेऊनच निघालो होतो," तो म्हणाला. "वाटेत न्तोबेको भेटला. बोकड परत पाठवला. बाप माहीत नाही म्हणून शपथ घेतलीस म्हणे? मग गोठ्यापुढे बोट कुणाकडे दाखवलंस? खोटं कुठे बोललीस, तिथे की इथे?"

"अहो, पोरीला भूक..." मामा म्हणाला.

"तिला विचारलंय."

झिमासा पुढे झाली. "ठाण्यात खोटं बोलले, आजोबा. तुमची दोन महिने वाट बघितली. तुम्ही आला असता तर कशाला गेले असते?"

"वा! उद्या आणखी कुणाकडे बोट दाखवशील." तो वळला. मागोमाग दोघेही अंगणात गेले. सुटलो एकदाचे, असं त्यांच्या चालण्यातच दिसत होतं. बाळाचं नाव तिने स्वतःच्या हाताने घालवलं होतं.

माद्लोमो मात्र जागची हलली नाही. ती कोपऱ्यातल्या पोत्याकडे बघत होती.

"माझ्या पोराला नाकारून मिळालं ते हेच पीठ?"

"हो, आई."

"चुलीवर काय आहे?"

"त्याचीच उकड."

बोलणी मिटल्याशिवाय मुलाकडची माणसं मुलीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. माद्लोमोने चटईवर बसकण मारली.

"वाढ."

"वहिनी!" अंगणातून वुकिले ओरडला. "अक्कल गहाण टाकलीत का? चला!"

"माझ्या पोराने फोन बंद केला, तुम्ही तोंडं बंद केलीत," मागे न बघता ती म्हणाली. "पोटुशी पोर चहावर राहिली. आता कसली शपथ विचारता तिला?"

झिमासाने वाढलं, वर घेवडा घातला. माद्लोमोने पहिला घास घेतला. मग दुसरा. म्हातारे अंगणातच खिळले. ज्वारांची थोरली सून आत जेवत होती. तिला टाकून जाता येईना, आणि तिने या घरचं अन्न खाल्लं म्हणजे बोलणी मिटलीच; आता नाही म्हणायची सोयही उरली नाही.

"मीठ कमी आहे," माद्लोमो म्हणाली आणि ताट पुन्हा पुढे केलं.