मिस्त्रींचं नाक

ज्याचं नाक गेलेलं असतं, त्याला घरात वास सुटलाय हे दुसऱ्यांच्या तोंडांवरून कळतं. मिस्त्रींना तसंच कळलं. आधी सूनबाई येता-जाता खिडक्या उघडायला लागली. मग सोफ्याखाली कोळशाची वाटी आली, कपाटांत डांबरगोळ्या आल्या, गॅसवर लिंबाच्या साली उकळायला लागल्या. पोरगा कामावरून आला की दारातच क्षणभर श्वास धरायचा. बोलत मात्र कुणीच नव्हतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही.

मिस्त्री म्हणजे नळाचे मिस्त्री. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या आणि फुटके पाइप सांभाळले. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचे, अगदी बायकोसुद्धा. सहा वर्षांपूर्वी एका तापात त्यांचं नाक मिटलं ते मिटलंच. ते त्यांनी फक्त बायकोला सांगितलं. वास न येणारा नळाचा मिस्त्री म्हटल्यावर काम कोण देणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हापासून बायकोच त्यांचं नाक झाली. दूध नासलंय, भाजी लागलीय, सगळं ती सांगायची. आठ महिन्यांपूर्वी ती गेली आणि मिस्त्रींचं नाक दुसऱ्यांदा गेलं. मुलाला-सुनेला सांगायचं राहून गेलं होतं, आणि आता इतक्या उशिरा कोणत्या तोंडाने सांगणार?

एका संध्याकाळी ते पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे निघाले, तर आत सूनबाई नवऱ्याला हळू आवाजात सांगत होती, "मागच्या बाजूला जास्त येतो रे. बाबांच्या खोलीकडे. आता त्यांना कसं सांगायचं?" मिस्त्री दाराआडूनच परत फिरले. तहान कुठल्या कुठे पळाली.

आता कुणी म्हणेल, चाळीस वर्षं मोऱ्यांत घालवलेल्या माणसाला आधी घरचे पाइप बघावेत एवढंही कळू नये? पण त्याचं कारण होतं. बायकोने उभ्या संसारात एक नियम कडक पाळला होता. कामावरून आलं की मागच्या दाराने यायचं, मागच्या मोरीत अंगावर चार बादल्या ओतायच्या आणि मगच घरात पाऊल टाकायचं. "लोकांची गटारं लोकांकडेच ठेवून या," असं ती म्हणायची. इतकी वर्षं ते ऐकल्यावर एक गोष्ट मिस्त्रींच्या हाडांत मुरली होती. दुसऱ्याच्या घरात वास आला तर दोष पाइपचा, आपल्या घरात आला तर दोष आपला. दिव्याखाली अंधार असतो तो असा.

मग मिस्त्रींनी स्वतःलाच घासायला घेतलं. दिवसातून तीन-तीनदा अंघोळ, तीही आतल्या बाथरूममध्ये दार लावून अर्धा-अर्धा तास. कातडी कोरडी पडून सोलायला लागली. कपडे एकदा अंगात घातले की लगेच मशीनमध्ये. जेवायला ते सगळ्यांच्या मागून बसायला लागले, टीव्ही बघायचं सोडलं, आणि ओट्यावर खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचे. एवढं करूनही सूनबाईच्या कपाळावरची आठी काही हटेना. म्हातारपण असंच वास मारत असेल, धुऊन जात नसेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. फार वाईट वाटायचं त्यांना. रात्री उशीला नाक लावून हुंगायचे, आणि अर्थातच काही कळायचं नाही.

शेवटी त्यांनी एका वृद्धाश्रमाला फोन केला. खोली रिकामी होती. रविवारी येतो म्हणाले. मुलाला सांगितलं, "बरोबरीची माणसं भेटतील. पत्ते खेळीन." उभ्या आयुष्यात या माणसाने पत्त्याला हात लावला नव्हता. मुलगा वाद घालून दमला, चिडून उठून गेला. सूनबाई मात्र मान खाली घालून टेबल पुसत राहिली. स्वच्छ टेबल पुन्हा पुन्हा पुसत होती. त्या पुसण्याने मिस्त्रींना जेवढं लागलं तेवढं मुलाच्या ओरडण्यानेही लागलं नाही.

शनिवारी दुपारी मुलगा कामावर होता. मिस्त्री पलंगावर बॅग ठेवून शर्ट भरत होते. दारात सूनबाई येऊन उभी राहिली. हातात व्हिनेगरची बाटली आणि फडकं. तोंड रडवेलं.

"बाबा, एक विचारू? तुम्हाला हा वास खरंच येत नाही का?"

मिस्त्रींनी हातातला शर्ट खाली ठेवला. आता लपवून तरी काय मिळणार होतं? उद्या तर जायचंच होतं.

"मला कसलाच वास येत नाही गं. सहा वर्षं झाली. तुझ्या सासूला माहीत होतं फक्त."

सूनबाई मटकन खुर्चीवर बसली. "अहो, मग सांगायचं नाही का? मला वाटायचं, यांना येतोय आणि यांचं काही बिघडत नाही. दोन महिने मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडतेय."

"तुला तरी तोंड होतं ना? सांगायचं सरळ. मी काय खाणार होतो तुला?"

"काय सांगणार होते? तुमचा वास येतो म्हणून?" एवढं बोलून ती चपापली. पण शब्द तोंडातून निघून गेला होता.

मिस्त्रींनी मान हलवली. ते ऐकायची त्यांची तयारी दोन महिन्यांपासून झालेली होती. पण जुनी खोड जात नाही. गिऱ्हाइकाने वास म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप तोंडात यायचा, तसा आला. "कसा येतो? कशासारखा?"

"राहू दे ना बाबा."

"सांग गं. आता कसली लाज?"

"कुजक्या अंड्यासारखा," सूनबाई हळूच म्हणाली. "सकाळी जास्त. आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावला की तर बसवत नाही."

मिस्त्री एकदम ताठ झाले. "फॅन लावला की वाढतो?"

"हो. आणि बंद केला की कमी होतो."

"अगं, मग माणसाचा वास फॅन लावल्यावर कशाला वाढेल?" असं म्हणत ते चपला न घालताच मागच्या मोरीकडे निघाले. सूनबाई मागोमाग.

ही मोरी म्हणजे त्यांच्या बायकोची कपडे धुवायची जागा. मिस्त्रींचं काम आधीच सुटलं होतं; ती गेल्यावर आतल्या बाथरूममध्ये मशीन आलं आणि मोरीत त्या मशीनचा खोका, मोडकी खुर्ची, रंगाचे डबे असं सगळं जाऊन बसलं होतं. मिस्त्रींनी ते एकेक बाहेर काढलं. गुडघ्यावर बसून जमिनीवरची जाळी उचलली, आत बॅटरी मारली. जाळीखाली भांड्यासारखा खोलगट भाग असतो. त्यात कायम वाटीभर पाणी साचलेलं हवं, म्हणजे गटारातली हवा वर येत नाही. तिथे थेंबभर पाणी नव्हतं. आठ महिन्यांत सगळं आटलं होतं. फॅन आतली हवा बाहेर फेकत होता आणि गटाराची हवा इथून घरात ओढत होता.

"ती रोज इथे बादल्याच्या बादल्या ओतायची," मिस्त्री म्हणाले. "म्हणून कधी आटलं नाही."

"मला वाटलं तुमचाच वास आहे," सूनबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

"मलाही तेच वाटलं."

त्यांनी दोन तांबे पाणी ओतलं, वर चमचाभर तेल सोडलं, म्हणजे पाणी लवकर उडणार नाही. मग तिला म्हणाले, "सगळ्या खिडक्या उघड आणि कोपऱ्यापर्यंत फिरून ये. घरात बसलेलं नाक खोटं बोलतं. अर्ध्या तासाने बाहेरून ये आणि मग सांग."

सूनबाई फिरून आली. फॅन लावला. सगळ्या खोल्यांतून हिंडली, मागच्या दारापर्यंत गेली. मिस्त्री खोलीत उघड्या बॅगेशेजारी बसून होते. जन्मात त्यांनी कुठल्या कामाच्या निकालाची एवढी वाट पाहिली नव्हती.

"गेला बाबा. काही नाही आता."

"आणि माझा?"

"तुमचा कुठला..." म्हणता म्हणता ती थांबली. जवळ आली, वाकली आणि सासऱ्याच्या खांद्याला नाक लावून तिने भरपूर श्वास ओढला. दोन महिन्यांत इतक्या जवळ त्यांच्या कुणी आलं नव्हतं.

"येतो," ती म्हणाली. "घामाचा आणि धुळीचा. आत्ता मोरीत बसला होतात ना, त्याचा."

मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघत राहिले. गेले दोन महिने ते माणसांची तोंडं वाचत होते. या तोंडावर लपवलेलं काही नव्हतं. त्यांना एकदम हलकं वाटलं.

"मग शर्ट बदलतो," ते म्हणाले.

धुतलेले शर्ट सगळे बॅगेत होते. त्यांनी एक काढून अंगात घातला. बाकीचे सूनबाईने एकेक करून कपाटात लावले.