फळ्यावरची चाळीस मासळी

मी एक जुना फळा आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. माझ्या अंगाला वास येतो हे मला ठाऊक आहे. सातपाटीत जमनाबाईंच्या पडवीत दोन पिंपांवर मी आडवा पडलो आहे आणि माझ्यावर मासळी कापली जाते. खवले, आतडी, रक्त! सुरुवातीला इतकी किळस यायची की देवाने मला लाकूडच का केले, असे वाटे.

सफाळ्याच्या एका सुताराने मला घडवले. मग मी एका शाळेत गेलो. दर दिवाळीच्या सुटीनंतर मुले कोळसा आणि माक्याचा पाला वाटून मला काळाभोर करत. पुंडलिक गुरुजी हात धुऊन मगच खडू उचलत, पूजेला बसावे तसे. ते निवृत्त झाले. पुढच्या सरांनी माझ्यावर नुसती उत्तरे लिहिली, मुलांनी ती उतरवून घेतली आणि थुंकी लावून मला पुसले. शी! एके दिवशी भिंतीवर पांढरा चकचकीत फळा आला. मी भंगारात निघालो, तेव्हा जमनाबाईंच्या मुलाने, भगवंतने, मला इथे आणले.

भगवंतची बायको शकू. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणारी, गणितात दोनदा नापास. पास झाली तर बर्फ कारखान्यात आवक-जावक लिहायचे काम मिळणार होते. नाही तर जन्मभर डोक्यावर पाटी, आणि मान तर तिची आताच धरायला लागली होती.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी तिने मला नारळाच्या काथ्याने घासून धुतले आणि लिहिले, ‘पापलेट आणि हलवे मिळून चाळीस. एक पापलेट पाव किलोचे, एक हलवा अर्ध्या किलोचा. एकूण वजन चौदा किलो. तर प्रत्येकी किती?’

पापलेट एक्स, हलवे वाय. पहिले समीकरण बरोबर आले, एक्स अधिक वाय बरोबर चाळीस. दुसऱ्यात मात्र तिने अर्धा एक्स अधिक अर्धा वाय बरोबर चौदा लिहिले. म्हणजे एक्स अधिक वाय अठ्ठावीस! वर चाळीस, खाली अठ्ठावीस. पुसले, पुन्हा मांडले, पुन्हा तेच.

“मरूं दे,” शकू पुटपुटली. “दिपेश सर बोलतात तेच बरं. चोवीस नि सोला, पाठ करून टाकायचं. नाय आठवलं तर चिठ्ठी हायच.”

दिपेश सर म्हणजे पालघरचे क्लासवाले, हे गणित त्यांनीच उत्तरासकट दिलेले. शकू खरेच कागदाचा कपटा घेऊन बारीक अक्षरात लिहू लागली, माझ्याच अंगावर टेकून. मित्रांनो, आतड्यांची घाण दोन तांब्यांत वाहून जाते. त्या कपट्याने मला जी शिसारी आली, तिला कुठले पाणी पुरणार?

तेवढ्यात जमनाबाई बाजारातून आल्या. “काय गो, फल्याशी भांडतेस?”

“आई, चालीस मासली व्हती, अठ्ठावीस झाली.”

“बारा मांजरानं नेली?” जमनाबाईंनी पाटी उतरवली. “वाच बरं काय लिवलंय.”

शकूने वाचून दाखवले.

“पापलेट पावाचं बोललीस. मग अर्दा किलो कुठनं आणलास?”

“जोडीचं हाय ते. पापलेट काय कुनी एक एक...” शकू अडखळली.

“इकतो आपण जोडीनं, खरं. पन वर चालीस मोजलीस ते नग, नि वजनाला जोडी? एका पाटीत दोन मापं लावलीस तर गिऱ्हाईक शिव्या घालंल.”

शकूने दोन्ही ओळी पुसल्या. सगळ्यांच्या वर लिहिले, ‘एक्स म्हणजे पापलेटांचे नग’. आता पाव एक्स अधिक अर्धा वाय बरोबर चौदा. चारने गुणल्यावर एक्स अधिक दोन वाय बरोबर छप्पन्न. त्यातून चाळीस गेले, वाय सोळा. उरली पापलेटं चोवीस. तिने वजनाचा ताळा करून पाहिला, पापलेटं सहा किलो नि हलवे आठ, चौदा. कपटा तिने आतड्यांच्या बादलीत टाकला.

मार्चच्या पेपरात मासळी नव्हतीच, मायलेकींची वये होती. गणितात एकेचाळीस गुण मिळाले. काम लागले.

आणि जूनमध्ये पालघरला दिपेश सरांचा बॅनर झळकला. ‘आमच्या पद्धतीचे यश’, आणि खाली शकूचा फोटो! ऐकून माझा उरलासुरला रंग उडाला. शकू उपाशीच पहिल्या बसने गेली. दुपारी परतली.

“उतरवला?” जमनाबाईंनी विचारले.

“उतरवला. पन आदी इचारलं, सर, त्या मासलीच्या गणितात तुमी एक्स म्हंजे काय मानलेला?”

“मंग?”

“बोलले, चा घेनार काय?”

जमनाबाई हसता हसता माझ्यावर रेलल्या.

मित्रांनो, माझ्यावर खुशाल मासळी कापा, फक्त नंतर धुवा. पण न समजलेले उत्तर कुठल्याही फळ्यावर लिहू नका. आम्हाला ओकता येत नाही.