बिनबियांचं विमान

"बाईचं विमान फेकू फेकू खांदा गेला माझा," मंगेश कुरकुरत होता. "श्रुतीचं पाहा, नुस्तं सोडलं का आपलं आपण चाललं जाते."

"हळू बोल ना बे," सोनाली म्हणाली. "बाई आत पाणी पिऊन राहिल्या."

प्रतिभाबाई खरंच दारामागं पाणी पीत होत्या. पेला त्यांनी हळूच खाली ठेवला. मंगेश फेकून राहिला? फेकायचं काम तर सोनालीचं होतं.

सौंसरच्या त्या शाळेत बाई सातवीला विज्ञान शिकवत. आज व्हरांड्यात कागदी विमानांचा प्रयोग होता. कागद सगळ्यांना सारखा, जुन्या कॅलेंडरचा. घडी सारखी. फेकणारा हातही एकच. बदलायचं ते फक्त नाकावरचं वजन, आणि वजन म्हणून संत्र्याच्या बिया, ज्यांना या मुलखात काही तोटा नाही. कुणी एक बी चिकटवली, कुणी चार, श्रुतीनं दोन. एक विमान बाईंनी स्वतः केलं, बी न लावता, आणि फळ्यावर ठसठशीत लिहिलं, 'जितकं हलकं, तितकं लांब.' अंदाज आधी लिहायचा, मग तपासायचा, हे त्यांनीच शिकवलेलं. अंदाज चुकू शकतो हेही शिकवलेलं. फक्त चुकणारा अंदाज आपला असेल, असं त्यांच्या मनात आलं नव्हतं.

आणि आजच व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, खुर्ची टाकून, हेडमास्तर दत्तात्रय सर बसले होते.

त्यांना बोलावलं बाईंनीच. मागच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये चहा पिता पिता सर म्हणाले होते, "तुमचा वर्ग मोठा शिस्तीचा, प्रतिभाबाई. तुम्ही दिवसाले रात्र म्हटलं तर पोट्टे दिवे लावतीन." सगळे हसले. बाईही हसल्या, पण ते वाक्य चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं. शेवटी त्या म्हणाल्या, "या एकदा प्रयोगाले. माझे पोट्टे डोळ्यानं पाहतात का माझ्या तोंडाकडं, तुम्हीच पाहा."

पहिल्या फेरीत श्रुतीचं विमान पार सरांच्या खुर्चीपर्यंत गेलं, आणि बाईंचं त्याच्या किंचित मागं. बाई तिथंच टेप धरून वाकल्या होत्या. कोण फेकतंय ते पोरांच्या घोळक्यात दिसलं नव्हतं. दुसरा नंबर आला म्हणून, खोटं कशाला बोला, मनातून सुखावल्याच होत्या.

आता उलगडलं. बाईंचं विमान मागं पडू नये म्हणून पोरांनी गुपचूप मंगेश उभा केला होता. मंगेश पांढुर्ण्याचा, मामाकडं शिकायला आलेला. दरसाल गोटमारीच्या जत्रेत दगड भिरकावणाऱ्या गावचा हात. त्यानं फेकलं तर वरवंटाही उडाला असता.

रागवावं तर कुणावर? लबाडी होती, आणि ती बाईंवरच्याच मायेपोटी होती. बाहेर जाऊन आपणच सांगून टाकावं, असं एकदा वाटलं. पण मग सरांचं वाक्य खरंच ठरत होतं. बाईंनी सांगायचं, पोरांनी मान डोलवायची.

त्या बाहेर आल्या. "माझं विमान पुन्हा एकदा फेकायचं. सोनाली, तू फेक. मी तुझ्याजवळच उभी राहते."

सोनालीनं मंगेशकडं पाहिलं. मंगेशनं आपल्या खांद्याकडं पाहिलं. विमान सुटलं, नाक वर करून क्षणभर रुसल्यासारखं थबकलं आणि बाईंच्या पायापाशी येऊन पडलं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"वारं आलं जी बाई," गायत्री म्हणाली. समोरच्या कडुलिंबाचं पान हलत नव्हतं.

"कागद सादळला असन," हेमंत म्हणाला.

दत्तात्रय सर खुर्चीतून उठून जवळ आले. "होते असं कधी कधी. पुन्हा फेकून पाहा, बाई."

बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. म्हणजे सरही त्याच रांगेत. बाईंना हसू आलं, ते त्यांनी पदरात दाबलं.

"वारं राहू द्या, कागद राहू द्या," त्या पोरांना म्हणाल्या. "डोळ्याले काय दिसलं, तेवढं सांगा."

घोळक्यातून श्रुती पुढं आली. एरवी हजेरीलाही जिचा आवाज मागच्या बाकापर्यंत जात नसे, ती पोर. तिनं उरलेल्या बियांची मूठ घट्ट आवळली होती आणि कान लाल झाले होते, पण नजर बाईंच्या तोंडावर नव्हती. जमिनीवर पडलेल्या विमानावर होती. ती काय बोलणार ते बाईंना त्या नजरेतच कळलं. स्वतःचं मूल पहिल्यांदा आधार सोडून उभं राहताना आईचं होतं, तसं त्यांचं झालं. सरांकडं पाहायची गरजच उरली नाही.

"बाई, तुमचं चुकलं जी," श्रुती म्हणाली. "अन् आम्ही ते लपवून राहिलो होतो."