एकवीस फुटांची मगर

गुणवंत टिपणीस एकतीस तारखेला निवृत्त होणार होते, आणि अठ्ठावीस तारखेला त्यांच्या खात्याच्या लक्षात आलं, की चार फूट मगर कमी आहे.

मगर खाऱ्या पाण्यातली. सरपटणाऱ्या प्राण्यांत आज जगात याहून मोठी जात नाही. १९६५ साली ती ओरिसाच्या किनाऱ्यावरून मालगाडीने दिल्लीच्या सरकारी उद्यानात आली. इथे समुद्र कुठून आणणार, म्हणून सरकारने तिच्या टाक्यात पोत्यांनी मीठ ओतलं. लांबीचा दाखला करायला टिपणीसांना पाठवलं. ते तेव्हा तरणेताठे कारकून, लग्नाला जेमतेम तीन महिने झालेले. ते टेप घेऊन जवळ गेले तोच मगरीने जांभई दिली. टिपणीस आल्या पावली मागे फिरले, ती ज्या लाकडी खोक्यातून आली होती ते खोकं मोजलं, आणि कागदावर 'एकवीस फूट' लिहून खाली झोकात सही केली.

तो कागद वर गेला. वरून आणखी वर गेला. शेवटी मंत्रिमहोदयांनी सभागृहात उत्तर दिलं, की देशातली सर्वांत लांब मगर राजधानीत आहे. झालं! मंत्र्यांनी सांगितलेली मगर आता कोण आखूड करणार?

घरी टिपणीसांनी बायकोला, प्रमोदिनीबाईंना, हकीकत सांगितली ती अर्थातच मगरीची, खोक्याची नव्हे. शेपटीला हात लावला तेव्हा ती कशी ओल्या दगडासारखी लागली, हेही सांगितलं. बाईंनी ते सरोजिनी नगरच्या सगळ्या सरकारी क्वार्टरांत पोचवलं. पहाडगंजच्या मराठी शाळेत टिपणीसांना दरवर्षी बोलावणं येऊ लागलं आणि गणेशोत्सवात त्यांची ओळख 'मगरवाले टिपणीस' अशीच होऊ लागली. माणूस वाईट नव्हता हो. अधूनमधून जेवणाच्या सुट्टीत टाक्यापाशी जाऊन तो मगरीला विनवायचा, "वाढ बाई, वाढ. फक्त चार फूट!" चोवीस वर्षांत ती रुंदीला वाढली.

मग नवं टाकं झालं. कंत्राटदाराने हिशेब चुकवला आणि ते वीसच फुटांचं बांधलं. मगर त्यात ऐसपैस सरळ पसरली, वर दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट जागा उरली. पाहणीला आलेल्या उपसचिव दीनानाथ माथुरांनी ते पाहिलं, फाईल पाहिली आणि टिपणीसांना बोलावून घेतलं.

"टिपणीसजी, चार फुट मगरमच्छ गया कहाँ?"

चौकशी लागली तर पेन्शनचे कागद अडकणार, हे दिसतच होतं. पण खरा घोर वेगळाच होता. खरं सांगावं तर ते प्रमोदिनीच्या कानावर जाणार. एवढ्या वर्षांत तिने नवऱ्याकडे कौतुकाने पाहावं असं दुसरं काही त्यांच्या हातून घडलं नव्हतं, आणि हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी त्यांनी डोळे मिटले आणि बोलून टाकलं, "सर, मैं डर गया था. मैंने बक्सा नापा था."

माथुरांनी फाईल उलटीसुलटी चाळली. "डर का तो कोई कॉलम ही नहीं है," ते म्हणाले. "चलिए, दोबारा नापिए. मैं गवाह रहूँगा."

गवाह कठड्याबाहेर उभे राहिले. टाक्यातलं पाणी काढून टाकलं होतं. रखवालदार पानिपतचा. त्याने लांब बांबू मगरीच्या तोंडापुढे आडवा धरला आणि "जाओ साहब, कुछ नहीं करेगी" म्हणाला. पानिपतच्या माणसाने पुढे व्हा म्हटल्यावर मराठी माणसाच्या मनात काय येतं ते येऊन गेलं. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी टिपणीस खरोखर पुढे झाले.

त्यांनी कापडी टेपचं टोक नाकपुड्यांपाशी टेकवलं. मगरीने एक डोळा उघडला. ते ओणवे होऊन इंच इंच मागे सरकत गेले आणि शेवटी शेपटीवर हात ठेवला. ती दगडासारखी अजिबात नव्हती. ती कोमट होती आणि आत काहीतरी संथ हलत होतं. टिपणीसांना पळावंसं वाटेना. सतरा फूट दोन इंच!

"सतरा फुट दो इंच, सर!" ते ओरडले. आयुष्यात इतक्या आनंदाने त्यांनी साहेबाला कधीच काही सांगितलं नव्हतं.

"ये कैसे लिखें?" माथुर म्हणाले. "सदन में इक्कीस जा चुका है." मग त्यांनी पेन काढून शेरा मारला: खाऱ्या पाण्याने टेप ताणला गेल्यामुळे माप कमी भरत आहे, सबब टेप बाद करावा. मगर एकवीस फूट कायम. टिपणीसांविरुद्ध काही प्रलंबित नाही. "बधाई हो."

टिपणीस घरी आले तेव्हा प्रमोदिनीबाई पितळी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. एक तारखेला साताऱ्याला निघायचं होतं.

"अहो, मिळाला का पेन्शनचा कागद?"

"मिळाला. अगं, ऐक ना. आज मी मगर मोजली. शेपटीला हात लावला."

"आज परत?" बाई काळजीने म्हणाल्या. "त्या वेळी तुमचं वय होतं, तेव्हा ठीक. आता या वयात कशाला बाई धाडस?"

"प्रमोदिनी, त्या वेळी मी..."

बाईंनी हातातला तांब्या बाजूला ठेवला आणि त्यांच्याकडे पाहिलं. अगदी पासष्ट साली पाहिलं होतं तसंच. टिपणीसांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"किती भरली हो?" बाईंनी विचारलं.

"एकवीस," टिपणीस म्हणाले.