‘येतो’ म्हटलं की येणारा

मी एक जुना, टेबलावर राहणारा यंत्रमानव आहे, आणि मित्रांनो, खरं सांगायचं तर मी फार दमलो आहे. उंची वीतभर, अंग बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्याचं, डोळ्यांच्या जागी दोन लाल दिवे. रूपाच्या बाबतीत आनंदच होता, पण डोंबिवलीतल्या ज्या घरात मी घडलो, तिथे काही काळ माझा मोठा थाट होता.

मला घडवलं हेमाने. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ती दिवसभर इलेक्ट्रॉनिक्सचं काम करायची आणि घरी येऊन पुन्हा तेच. १९८८ साली तिने टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर आणला आणि त्याच्या सोबतीला मला केलं. रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी फोडून तिची चाकं मला लावली आणि तिच्यातला रेडिओ माझ्या पोटात बसवला. त्यामुळे कॉम्प्युटरचा हुकूम वायरीशिवाय माझ्यापर्यंत पोचे. हेमाने इंग्रजी अक्षरांत ‘ये’ टाइप केलं की मी पुढे यायचो, ‘वळ’ म्हटलं की वळायचो आणि ‘जातो’ म्हटलं की दिवे मालवून झोपायचो.

या ‘जातो’नेच घोटाळा केला. हेमाची आई सरोजताई पडद्यावरचा तो शब्द वाचून दचकल्याच.

“अगं हेमा, जातो काय म्हणतेस? येतो म्हणावं! आधी बदल बघू ते.”

हेमाने आईचं ऐकलं. पण कॉम्प्युटरची स्मरणशक्ती बेताची, म्हणून त्याने प्रत्येक शब्दाची पहिली दोनच इंग्रजी अक्षरं वाचावीत अशी सोय तिने केलेली होती. ‘येतो’ची पहिली दोन अक्षरं म्हणजे ‘ये’च! मला झोपायला सांगितलं की मी उलट पुढे चालू लागायचो आणि टेबलावरून धाडकन खाली पडायचो. हेमा पोट धरून हसली. “रविवारी दुरुस्त करते हं,” म्हणाली.

तो रविवार काही उगवला नाही. एका प्रदर्शनात लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, मग हेमाचं लग्न ठरलं आणि ती बंगलोरला गेली. सरोजताईंनी माझ्यावर लोकरीचं कव्हर घातलं. त्याखाली माझे स्क्रू गंजत गेले. वाईट वाटायचं, पण वाईट वाटून घ्यायचाही कंटाळा येतो हो.

हेमाचे वडील अण्णा कल्याणजवळच्या मोहन्याच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. नकाशे काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ते निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बाकी ते सावरले, पण उजवा हात मांडीवर नुसता पडून राही. सरोजताई त्यांना भरवायच्या. अण्णांना त्याची इतकी लाज वाटे की दोन घास खाऊन ते ताट सारून देत. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता.

व्यायाम शिकवायला शालन नावाची मुलगी यायची. “अण्णा, बॉल दाबा ना! ट्राय तर करा!”

“मी काय तान्हं बाळ आहे, चेंडू खेळायला?” अण्णा तोंड फिरवायचे.

एकदा हेमाच्या आठवणीने त्यांनी सरोजताईंना कॉम्प्युटर लावायला सांगितला. नवे सेल घातल्यावर माझे दिवे लुकलुकू लागले. थोड्या वेळाने मला झोपवावं म्हणून अण्णांनी डाव्या बोटाने ‘येतो’ टाइप केलं. मी निघालो, टेबलाच्या कडेला आलो आणि पडलो.

“अहो!” सरोजताई ओरडल्या. “तुमचा हात हलला! उजवा! त्याला धरायला पुढे आला!”

त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. अण्णा रोज ‘येतो’ लिहायचे, मी रोज पडायचो. सरोजताईंनी खाली गोधडी अंथरली, तरी माझा एक हात तुटला, एक डोळा फुटला. मला नको नको व्हायचं. पण अण्णांची बोटं आधी थरथरली, मग उघडली, आणि एका सकाळी त्यांनी मला टेबलाच्या कडेलाच अडवलं. शालन तर रडायलाच लागली.

दिवाळीला हेमा आली. अण्णा सगळ्यांबरोबर पानावर बसले आणि त्यांनी वरणभात स्वतः कालवला. बराच सांडला. सगळे खाली बघून जेवत राहिले.

जेवण झाल्यावर हेमाचं लक्ष माझ्याकडे गेलं. “अय्या, ती चूक अजून तशीच? पाच मिनिटांत काढून टाकते.”

“हात लावू नकोस तिला,” अण्णा म्हणाले. “आणि हा दमलाय. याला मी झोपवतो.”

त्यांनी मला मांडीवर घेतलं. उजव्या हाताने माझ्या पाठीचं झाकण उघडायला त्यांना फार वेळ लागला. कुणी मदतीला आलं नाही, ते बरंच झालं. एकेक करून त्यांनी सेल काढले.

सेल काढल्यावर मी बोलतो कसा, ते विचारू नका. मित्रांनो, जुन्या वस्तू जन्मभर सांभाळा असं मी म्हणणार नाही, घरं लहान असतात. पण ज्याच्याकडून भरपूर काम करून घेतलंत, त्याला आत सेल ठेवून विसरू नका. तो बिचारा वाट बघत जागा राहतो. जवळ घ्या आणि त्याला तसं सांगा. अण्णांनी मला सांगितलं.

“झालं रे बाबा तुझं काम,” ते म्हणाले, आणि त्यांच्या बोटांनी मला घट्ट धरलेलं होतं.