श्रावणात ओढलेला रूळ

मित्रांनो, मी दगड आहे. दगडाला मन नसते असे तुम्हाला कुणी शिकवले असेल, तर तो शिकवणारा कधी माझ्या पाठीवर बसला नव्हता, एवढेच मी म्हणेन. पेणहून धरमतरच्या खाडीकडे उतरताना अगदी शेवटी एक गाव लागते. तिथे बापदेवाच्या देवळामागे मैदान आहे. त्या मैदानाच्या कडेला मी पडून असतो. काळा, गोल, माणसाच्या मांडीएवढा उंच. मला रूळ म्हणतात. जमीन दाबून सपाट करणे हे माझे काम. आता काम उरले नाही, वजन तेवढे उरले आहे.

मी डोंगरातला. पाथरवटांनी मला खडकातून फोडून काढले, छिन्नीने गोल केले आणि माझ्या पोटातून लोखंडी कणा घातला. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षे झाली होती, रोह्याकडचा रस्ता होत होता. बैल जोडून मला त्या रस्त्यावर फिरवले. रस्ता झाला, पहिली एसटी धावली, हारतुरे घेऊन मोठी माणसे आली. भर उन्हात खडी फोडणाऱ्या बायांना मात्र कुणी बोलावले नाही. माझी चौकट मोडली होती, म्हणून मला कडेला ढकलून ठेकेदार निघून गेला. माणसांशी माझी ओळख झाली ती अशी.

पुढे या गावच्या पोरांनी मला दोरखंड बांधून ओढत आणले ते कबड्डीसाठी. इथे भात पिकते, मीठ पिकते आणि कबड्डी पिकते. दिवाळीनंतर भात झोडून झाले की मैदानावर नवी तांबडी माती पडायची, पाणी शिंपडायचे, माझ्यावर नारळ फुटायचा आणि संघातले सातजण दोरी धरून मला या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचे. परगावचे खेळाडू वाकून जमिनीला तळहात लावायचे आणि विचारायचे, सारवलीय की काय? तेव्हा मला जे वाटायचे त्याला तुम्ही अभिमान म्हणा.

त्या ओढण्यातून एक रीत पडली. ज्याने रुळाची दोरी ओढली तो त्या वर्षी बापदेव संघाचा. मग त्याला रोह्याने बोलावू दे नाहीतर मुंबईने, तो जायचा नाही. सही नाही, कागद नाही. दोरीला हात लागला की बांधला गेला.

पण हे काम मोजक्या दिवसांचे. बाकी वर्षभर मी बाकडे होतो. पावसाळ्यात मैदानावर घोटाभर चिखल, कबड्डी बंद. आणि खरे सांगतो, कबड्डी बंद असते तेव्हाच ती सगळ्यात जोरात खेळली जाते. तोंडाने. संध्याकाळी छत्र्या घेऊन मंडळी माझ्या पाठीवर जमायची. त्यांत दोघे मुख्य. एक काळुराम, संघाचा जुना कप्तान, पकडी करून करून ज्याची दोन बोटे कायमची वाकडी झाली होती. दुसरा पुंडलिक, पेण-रोहा गाडीवरचा कंडक्टर. कुठल्या खेळाडूने कुठल्या मंडळाच्या माणसाबरोबर चहा घेतला, हे त्याला गाडीच्या थांब्यांसारखे पाठ असायचे. रोह्याने नागोठण्याचा कोपऱ्यावरचा उंच गडी फोडला. पेणच्या मंडळाने दोघा भावांतला धाकटा उचलला, आता थोरला त्याच्या पंगतीला बसत नाही. मग आपल्या संघाचे काय, यावर तास न् तास वाद. काळुराम म्हणायचा, बचाव भक्कम असेल तर चषक आपला. पुंडलिक म्हणायचा, चढाईला माणूस नसेल तर तुझा बचाव काय नुसती आरती करणार? काळूदा, तुझ्या वेळची कबड्डी कधीच गेली, तू अजून तिचा पाय धरून बसलायस. सगळे हसायचे, काळुरामसुद्धा.

मला ते दिवस आवडायचे. खोटे कशाला बोलू?

सगळे वाद शेवटी एका नावावर येऊन थांबत. जगन. मिठागरात राबणाऱ्या इंदुबाईचा तो एकुलता एक मुलगा, बाप लहानपणीच गेलेला. जगन चढाईला उतरला की समोरचा अख्खा संघ दोन पावले मागे सरकायचा. त्याच्याच जोरावर आमचा संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात गेला आणि रोह्याकडून एका गुणाने हरला. तो एक गुण मंडळी वर्षभर माझ्यावर बसून चघळत होती.

त्याच पावसाळ्यात पुंडलिक एक निरोप घेऊन आला. नागोठण्याच्या बाजूला तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते. त्यांतल्या एका कंपनीला स्वतःचा कबड्डी संघ हवा होता. तिथल्या साहेबाने जगनला रोह्यात खेळताना पाहिले होते. गणपतीच्या आधी येऊन भेट, आमच्याकडून खेळ, कायमची नोकरी देतो. निरोप जगनचा होता, पण पुंडलिकने तो आधी जगनला दिला नाही. आधी माझ्या पाठीवर बसलेल्यांना दिला.

मी वाट बघत होतो, कुणीतरी म्हणेल की पोराचे भले झाले, इंदुबाईचे हाल संपले. कुणी म्हणाले नाही. काळुरामने छत्री मिटून बाजूला ठेवली आणि विचारले, "मग आपली चढाई कोण करनार?"

हे माझ्या मैदानावरचे सगळ्यात निर्दयी वाक्य, आणि ते बोलणारा माणूस दुष्ट नव्हता. त्याचे संघावर प्रेम होते, हीच तर गोम आहे.

त्यांनी ठरवले, रीत आधीच उरकून घ्यायची. दिवाळीपर्यंत थांबायचे नाही. पुंडलिक जरा कचरला. म्हणाला, "श्रावनात रूळ? मैदान फाटंल, काळूदा."

"फाटंल तर माती टाकू. गेलेला मानूस काय माती टाकून भरून येतोय?"

दुसऱ्या दिवशी जगनला बोलावले. निरोप आणि नारळ दोन्ही एकदमच त्याच्यासमोर ठेवले. काळुरामने त्याच्या खांद्यावर हात टाकून समजावले, एकच मोसम खेळ, चषक आण, मग आम्हीच तुला वाजतगाजत कंपनीच्या दारात सोडतो, कंपनी काय पळून जाते? जगन रस्त्याकडे बघत राहिला, जिथून नागोठण्याला जाणारी गाडी मिळते तिकडे. मागून कुणीतरी टोमणा मारला, साहेब झाला आता तो, आपली माती त्याच्या पायाला कशाला लागेल? बाकीचे हसले. जगनही हसला. सुटायला वाट नसली की माणूस असा हसतो. त्याने दोरी धरली.

मित्रांनो, ओल्या जमिनीवर रूळ फिरवायचा नसतो, हे मैदानावरच्या प्रत्येकाला माहीत होते. त्यांचे पाय रुतत होते, मी रुतत होतो. मध्यरेषेच्या थोडे पुढे जाऊन मी अडकलो. मागे लांबच लांब खोल चर पडली. नारळ फुटला, खोबरे वाटले, जयजयकार झाला. काही दिवसांनी कंपनीने दुसरा खेळाडू घेतल्याचे कळले. इंदुबाईला हे सगळे कुठून समजले? पेणच्या बाजारात, परक्या बाईच्या तोंडून.

दिवाळीनंतर चर भरायला घेतली. अशी खोल चर एका दमात भरत नाहीत. थोडी माती, थोडे पाणी, धुम्मसने ठोकणे, वाळू देणे, मग पुन्हा माती, असे करावे लागते. पण रोह्याचा संघ आमच्या मैदानावर यायचा होता आणि मंडळींना घाई होती. पाट्याच्या पाट्या माती ओतली आणि वरून एकदा मला फिरवले. जाताना मला खालची पोकळी कळली. सांगणार कसे? वरून मैदान छान दिसत होते. काळुराम म्हणाला, चालंल.

सामन्याला अर्धा तालुका लोटला होता. जगनने पहिल्या चढाईत गडी मारला, दुसऱ्या चढाईत दोन. नंतरच्या चढाईत तो मध्यरेषेकडे परत वळला आणि त्याचा उजवा पाय बरोबर त्या चरीवर पडला. जमीन खचली. पाय खाली राहिला, अंग वळले. गुडघ्याचा आवाज झाला तो माझ्यापर्यंत आला. मी खडक फुटताना ऐकला आहे, स्वतः फुटलो आहे. तसा आवाज मी ऐकला नव्हता.

त्याला टेंपोत घालून पेणला नेले. सामना थोडा वेळ थांबला. मग बदली गडी उतरला. आपण हरलो.

पुढचा पावसाळा आला. छत्र्या आल्या, मंडळी आली, बातम्या आल्या. रोह्याने कुणाला घेतले, पेणने कुणाला सोडले. एका संध्याकाळी जगन काठी टेकत आला. मंडळींनी सरकून त्याला जागा दिली, बरा ना रे, असेही विचारले. तो उत्तर देणार तोवर पुंडलिकने सांगायला घेतले की धरमतरच्या बाजूला एक नवा पोरगा उगवलाय, पायात नुसती वीज. काळुराम म्हणाला, त्याला आणूया, जगनच्या जागी बसेल. जगन तिथेच बसला होता, काठी मांडीवर आडवी धरून.

तेवढ्यात त्याला शोधत इंदुबाई आली. लावणीवरून परस्पर आली असावी, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे होते. ती ऐकत उभी होती हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

"भावजी," ती काळुरामला म्हणाली, "तुमचं ह्ये चालू द्या. मला एक इचारायचं हाय."

"इचार गो वैनी."

"रोह्याच्या पोरांचा पाय मुरगळला तरी तुमाला म्हायती असतं. कुनाला ताप आला, कोन बायकोशी भांडला, सगलं म्हायती. माझा पोर रात्री कुठल्या कुशीवर निजतो, ठावं हाय कुनाला?"

पुंडलिक आपल्या चामडी पिशवीचा पट्टा सारखा करू लागला.

"कुठल्याच नाय," ती म्हणाली. "बसून काढतो रात. चल रे."

जगन उठला. त्यानंतर तो संध्याकाळी कधी आला नाही. आला तर दुपारी, कुणी नसताना. माझ्या एका टोकाला बसायचा, पाय सरळ सोडून. एकदा काळुरामही दुपारी आला आणि त्याच्या शेजारी बसला. काहीतरी बोलायचे मनात घेऊनच आला होता. बराच वेळ वाकडी बोटे चोळत राहिला आणि शेवटी म्हणाला, रोह्याचा बचाव या वर्षी कच्चा वाटतोय. जगन म्हणाला, व्हय. मग काळुराम गेला. चूक झाली हे दोन शब्द त्या माणसाच्या तोंडून निघाले नाहीत. मोठमोठे गडी ज्याने उचलून आपटले, त्याला ते उचलले नाहीत.

आता काळुराम नाही, इंदुबाई नाही. पुंडलिक नोकरी संपल्यावर पोराकडे पनवेलला गेला. मिठागरे ओस पडली. बापदेव संघ मोडला, कधी मोडला हेसुद्धा कुणाला सांगता येत नाही. कबड्डी मातीवरून मॅटवर गेली, मॅटला रूळ लागत नाही. मैदानात लग्नाच्या गाड्या उभ्या राहतात. मधे एकदा कुणीतरी मला निळा रंग फासला, माझ्यावर पुढाऱ्याचे नाव लिहिले आणि शेजारी उभे राहून फोटो काढले. तो रंग पहिल्याच पावसात गेला. बरे झाले.

संध्याकाळी अजूनही माझ्यावर तरुण पोरे बसतात. हातात मोबाईल. टीव्हीवरच्या संघांनी कुणाला विकत घेतले, कुणाला सोडले, यंदा कोण जिंकणार, असे वाद घालतात. तेच वाद, तोच जोर. परवा एकजण म्हणाला, त्याला आपल्या टीमने ठेवला कशाला? गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, संपला तो. माझ्या दुसऱ्या टोकाला एक पिकल्या केसांचा माणूस बसला होता. धक्क्यावर रखवालदारी करून नुकताच आला होता. त्या पोराने सहज विचारले, "काका, तुम्हाला कळते का कबड्डी?"

"थोडी," जगन म्हणाला.

हा कोण होता, हे गावात आता कुणाला माहीत नाही. मला माहीत आहे, आणि मी दगड आहे.

मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल, मी शेवटी म्हणेन की मला जपा, मला सावलीत ठेवा. नको. मला काही होत नाही. जपायचे असेल तर ज्याच्या नावाने घसा फोडता त्याला जपा. तो पुढल्या वर्षी तुमच्या संघाला काय देणार, हे नंतर विचारा. आधी त्याला झोप लागते का ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. तेवढेही जमणार नसेल, तर माझ्या पाठीवरून उठा.

ती चर अजून भरलेली नाही. दर पावसाळ्यात तिथली जमीन थोडी खचते. दर दिवाळीनंतर जगन पाटीभर माती आणतो, अधू पाय बाजूला टाकून खाली बसतो, पाणी शिंपडतो आणि धुम्मसने ठोकत राहतो. आज थोडी, उद्या थोडी. कशाला, काका, इथे कोण खेळतंय, असे कुणी म्हणाले तर सांगतो, पोरं धावतात. काम झाले की माझ्याजवळ येतो. माझ्या कण्याला बांधलेली दोरी दर वर्षी तो बदलतो, नवी, घट्ट. ती हातात घेतो, एकदा ताणून बघतो आणि खाली ठेवतो.

मला ओढायला सात माणसे लागतात. सहा कमी आहेत.