ज्या दिवशी माझा दांडा काढून नेला

मी भोंगा आहे. लोखंडी, हातानं फिरवायचा. माझा आवाज असा, की मी सुरू झालो की माळाखालची कुत्रीसुद्धा माझ्याबरोबर रडायला लागायची. आज मात्र हळू बोलणार आहे.

एकाहत्तरच्या लढाईसाठी मला घडवलं, पण मी रंगून तयार होईपर्यंत लढाई संपली. मग बराच काळ गोदामात पडून राहिलो. तिथून मला मराठवाड्यातल्या वाशीच्या बाजूला एका उघड्या माळावर आणलं. तिथं लष्कराचा विमानचाचणीचा तळ उभा राहत होता. साल त्र्याहत्तर, दुष्काळाचं. माळाखालच्या वस्तीतल्या बायका दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या आणि तीच खडी धावपट्टीखाली जात होती. त्या बायकांत चांगुणाबाई होत्या. त्यांचं रानही त्याच पट्टीत गेलं होतं. बदल्यात त्यांच्या मुलाला, अंबादासला, तळावर नोकरी मिळाली.

त्याचं काम मला वाजवायचं. चाचणीआधी मी चढ-उतार करत ओरडलो की माळावरच्या सगळ्यांनी गुरंढोरं घेऊन ओढ्यापलीकडं जायचं. चाचणी संपल्यावर मी एकसुरी वाजलो की परत यायचं. अंबादास दांड्याला हात घालण्याआधी एकदा माळावर नजर फिरवायचा. घरातली माणसं मोजावीत तशी.

पहिलं विमान उतरलं तेव्हा नारळ फुटला, पेढे वाटले. चांगुणाबाई तारेच्या कुंपणाबाहेर उभ्या राहून शेजारणीला म्हणाल्या, "माझ्या हातची खडी हाय बरं का त्याच्याखाली!" पुढं बिनवैमानिकाचं विमान आलं. लाल रंगाचं, जमिनीवरून यंत्रानं उडवायचं. ते पहिल्यांदा उडालं त्याची तारीख फाटकावरच्या संगमरवरी पाटीवर कोरली गेली.

मग शहाऐंशीचा दुष्काळ आला. ओढा आटला. गवत उरलं ते फक्त तळाच्या हद्दीत. माणसं तारेखालून गुरं आत घालू लागली. पहारेकरी सकाळी हाकलायचे, दुपारी ती परत यायची. एका चाचणीला मी वाजलो आणि म्हशींचा अख्खा कळप धावपट्टीवरून पळत सुटला. चाचणी रद्द झाली. तळाच्या मुख्य साहेबांची पाहुण्यांसमोर शोभा झाली.

पुढच्या चाचणीला दिल्लीहून मोठी माणसं यायची होती. साहेबांनी अंबादासला बोलावून सांगितलं, "आज भोंगा नको. सकाळीच माळ रिकामा केलाय."

"साहेब, माणसं दुपारी परत येत्यात. दुसरीकडं चारा न्हाय."

"पहारेकरी आहेत ना? परत म्हशी धावल्या तर कॅमेऱ्यात काय दिसेल?"

"तरी एकदा वाजवू द्या. थोडाच."

साहेबांनी माझा दांडा काढायला लावला आणि कपाटात ठेवून कुलूप घातलं. अंबादास माझ्याजवळ नुसता उभा राहिला.

लाल विमान उडालं, वळलं, आणि वळतच राहिलं. मग माळाच्या टोकाच्या घळीत कोसळलं. तिथं चांगुणाबाई दोन शेळ्या चारत होत्या. धूर विरायच्या आत अंबादास पळत तिथं पोचला. त्यानं स्वतःच्या अंगातला सदरा काढून आईवर घातला.

चौकशीला बाहेरचे अधिकारी आले. साहेब म्हणाले, "भोंगा वाजला होता. बाई बहिरी होती, तिला ऐकू आलं नाही."

आदल्या संध्याकाळी वस्तीतले नोकरीवाले अंबादासला भेटून गेले होते. त्यांचं म्हणणं एवढंच, की तळ बंद पडला तर सगळ्यांच्या चुली विझतील.

चौकशीच्या मुख्य अधिकाऱ्यांनी अंबादासला विचारलं, "आई बहिरी होती?"

"व्हय. माझ्या मायला ऐकू कमी यायचं."

साहेबांनी सुस्कारा सोडला.

"पण भोंगा वाजला न्हवता," अंबादास म्हणाला.

मुख्य अधिकाऱ्यांनी कपाटातला दांडा आणवला. "आवाज त्या घळीपर्यंत जातो का बघू. वाजव."

अंबादासनं मला फिरवलं. मी आजवर कधी ओरडलो नव्हतो इतका ओरडलो. आणि माळ हलला. झुडपांमागून, बांधांआडून माणसं निघाली. बायकांनी पोरं काखेत घेतली, गुरांना हाणत सगळे ओढ्याकडं धावले. अधिकारी दुर्बिणीतून बघत होते.

"तो म्हातारा कोण? त्याला ती बाई ओढत का नेतेय?"

"ज्ञानोबा. ठार बहिरा हाय. ती मुक्ताबाई, शेजारीण. माझ्या मायला बी तीच हाताला धरून न्यायची. त्या दिशी ती पाण्याला गेली व्हती. भोंगा ऐकला असता तर परत आली असती."

अंबादासचे हात थांबले. मी गप्प झालो. ओढ्यापलीकडं सगळी वस्ती उन्हात उभी राहून आमच्याकडं बघत होती. परतीचा सूर वाजल्याशिवाय कुणी हलणार नव्हतं. अंबादासला तो वाजवता येईना. तो माझ्या पायाशी बसला आणि रडू लागला. शेवटी त्या अधिकाऱ्यांनी टोपी काढून ठेवली आणि स्वतः दांडा हातात घेतला.

साहेबांची बदली झाली, एवढंच. अठ्ठ्याऐंशीत तळ बंद पडला. रान कुणाला परत मिळालं नाही. नोकऱ्या गेल्या तशी वस्तीनं अंबादासशी बोलणं टाकलं. फक्त मुक्ताबाई त्याच्या घरी भाकरी पोचवत राहिली. संगमरवरी पाटी अजून फाटकावर आहे. तिच्यावर चांगुणाबाईंचं नाव नाही.

लिलावात एका सहकारी साखर कारखान्यानं मला विकत घेतलं. अंबादासलाही तिथं पहारेकऱ्याचं काम मिळालं. पहिल्या गळीत हंगामाला चेअरमन त्याला म्हणाले, "तुला सवय आहे. पाळी बदलली की भोंगा तूच वाजव."

त्यानं हात जोडले. "दुसरं कुठलं बी काम सांगा."

त्यांनी विजेचा भोंगा आणला. मी आता चिपाडाच्या ढिगामागं गंज खात पडलोय. परवा एक फिटर मला घासून पुसून वर चढवायचं बोलत होता. त्याला कुणीतरी सांगा, नको म्हणावं. जिच्यासाठी वाजायला हवं होतं, तिच्यासाठी मला वाजू दिलं नाही. आता पाळी बदलली म्हणून ओरडायला मला लावू नका.